भिंतीवरची माणसं

गेले तीन वीकेंड काही लिहिणं झालं नाही. कारण ऑफिस नाही, आटगावचं घर. घराला रंग द्यायचा असं बाबांनी गणपतीत ठरवलं आणि दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळाला. एकवेळ प्रॉडक्शन रिलीज परवडला, पण घराला रंग देणं नको. रिलीजला निदान रोलबॅक तरी असतो. असो.

ज्यांना आटगाव माहीत नाही त्यांच्यासाठी: कसारा लोकलने आसनगाव सोडलं की पुढचं स्टेशन. तानसा तलावाला जाणारे इथे उतरतात, बाकीचे खिडकीतून बघतात. रेल्वे इकडे १८६१ साली आली, आणि तेव्हापासून गावातलं जे काही नवं, ते कल्याणच्या बाजूने गाडीत बसूनच आलेलं आहे. त्या नव्यापैकीच चार फ्रेमा ओटीच्या भिंतीवर होत्या. रंगाऱ्याने सांगितलं, "फोटो काढून घ्या साहेब." साहेब म्हणजे मी. स्टुलावर चढलो.

चार फोटो, चार पिढ्यांनी लावलेले. टिळकांचा पणजोबांनी, शिवाजी महाराजांचा (कॅलेंडरचं पान कापून केलेला) आजीने, फुल्यांचा बाबांनी मास्तरकीला लागल्यावर, आणि आंबेडकरांचा ताईने कॉलेजात असताना. लहानपणापासून ही चौघं मला एकाच मीटिंगला बसल्यासारखी वाटायची. ओल्या फडक्याने काच पुसताना टिळकांच्या खाली बारीक अक्षरं दिसली. चित्रशाळा, पुणे. आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की हा 'फोटो' नाहीच. चित्र आहे. जवळून बघितलं तर पागोट्याच्या लाल रंगात दाणे दिसतात, आणि एका बाजूला तो लाल रंग रेघेच्या किंचित बाहेर सरकलाय.

तो का सरकलाय ते सांगतो, कारण मला ते कळल्यावर फार मजा आली. शिळाप्रेस. जर्मनीत आलोइस झेनेफेल्डर नावाच्या माणसाने १७९६ च्या सुमाराला ही युक्ती शोधली. चुनखडीचा गुळगुळीत दगड घ्यायचा, त्यावर तेलकट शाईने किंवा खडूने चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे छपाईची शाई फक्त चित्रावर बसते, ओल्या दगडावर नाही. खोदकाम नाही, खिळे जुळवणं नाही. रंगीत हवं असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद प्रत्येक दगडावर अगदी त्याच जागी बसला पाहिजे. फोटोशॉपच्या लेयर्स म्हणा ना, फक्त एकेक लेयर उचलायला दोन माणसं लागणार. आमच्या टिळकांच्या पागोट्याचा दगड तेव्हा केसभर हलला असणार.

चित्रशाळा निघाली १८७८ मध्ये. काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर, 'निबंधमाले'चे. सोबत बाळकृष्णपंत जोशी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम. म्हणजे 'केसरी'च्या तीन वर्षं आधी आणि न्यू इंग्लिश स्कूलच्याही दोनेक वर्षं आधी. आपण शाळेत शिकतो तो क्रम शाळा, वर्तमानपत्र, चळवळ असा असतो. पण शास्त्रीबुवांनी चित्रांचा छापखाना आधी काढला. ज्या देशात बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हतं तिथे निबंध किती जणांपर्यंत पोचणार, हे निबंध लिहिणाऱ्यालाच सगळ्यात चांगलं कळलं असावं. सुरुवातीच्या चित्रांत राम पंचायतन होतं आणि ते भरपूर खपलं. मग पेशवाईतले पुरुष आले. देवघराच्या भिंतीवर जागा होतीच, देवाशेजारी नाना फडणवीसही बसले. विष्णुशास्त्री १८८२ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले, पण छापखाना चालत राहिला. पुढे वासुकाका जोशांनी तो वाढवला आणि १९१० पासून तिथून 'चित्रमय जगत्' निघू लागलं. दरम्यान १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि घराघरात लक्ष्मी-सरस्वती पोचल्या. ती गोष्ट सगळ्यांना माहिती आहे, म्हणून सोडून देतो.

या चित्रांना सरकार घाबरायचं का? हो. १९१० च्या प्रेस ॲक्टखाली पुस्तकांसारखी चित्रंही जप्त व्हायची. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर त्याच वर्षी बंदी आली, कारण कीचक म्हणजे कर्झन हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही कळत होतं. महाभारतातला प्रसंग राजद्रोह ठरू शकतो, तर लाल पागोटं घातलेल्या, मंडालेच्या तुरुंगातून १९१४ मध्ये सुटून आलेल्या माणसाचं चित्र ओटीवर लावणं म्हणजे काही साधी सजावट नव्हती. आमच्या पणजोबांनी ते कल्याणच्या बाजारातून आणलं असं बाबा सांगतात. मला त्यांचा अभिमान वाटला. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

तर त्या रात्री चारही फ्रेमा दिवाणावर ओळीने पडलेल्या, रंगाचा वास, लाइट गेलेले. मोबाइलच्या उजेडात त्यांच्याकडे बघताना एक गोष्ट टोचली. ही चौघं एका मीटिंगला बसलेली नाहीतच! बसली असती तर कडाक्याचं भांडण झालं असतं.

बघा ना. ज्या विष्णुशास्त्र्यांच्या छापखान्यातून टिळकांचं चित्र आलं, त्याच विष्णुशास्त्र्यांनी 'निबंधमाले'त फुल्यांच्या पुस्तकांची यथेच्छ टिंगल केली होती. आमच्या ओटीवर मात्र फुले त्यांच्या छापखान्याच्या मालाला खांदा लावून वर्षानुवर्षं शांतपणे लटकत होते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला. मुलीचं वय दहावरून बारा करायचं, एवढाच तो कायदा. फुले त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते, पण असते तर काय म्हणाले असते याचा अंदाज करायला इतिहासाची पदवी लागत नाही. शिवाजी महाराजसुद्धा दोघांचे वेगळे. फुल्यांनी १८६९ मध्ये पवाडा लिहिला, त्यातला राजा कुळवाड्यांचा, शेतकऱ्यांचा. टिळकांनी १८९५ पासून रायगडाच्या समाधीसाठी फंड उभारला आणि उत्सव सुरू केला, त्यातला राजा राष्ट्राचा. आणि ज्याच्यावरून एवढं सगळं, त्याचा चेहरा? महाराजांच्या काळाच्या जवळची चित्रं आज ॲमस्टरडॅम, लंडन, पॅरिस इथे आहेत, कारण युरोपियन व्यापाऱ्यांना आणि प्रवाशांना हिंदुस्तानातल्या सत्ताधीशांचे संच जमवायची हौस होती. इकडे मात्र बराच काळ कुणा इब्राहीमखानाचं चित्र महाराज म्हणून छापलं जात होतं. वा. सी. बेंद्र्यांनी खरं चित्र शोधून १९३३ मध्ये पुण्यात लोकांपुढे आणलं. इतकी वर्षं लोक चुकीच्या माणसाला हार घालत होते, आणि श्रद्धेत तसूभर फरक पडला नाही.

पण म्हणून ही माणसं फक्त भांडत होती असंही नाही. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या खटल्यात जामिनाची सोय लावायला पुढे आले ते फुले, त्यांनी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांना उभं केलं. टिंगल करणाऱ्या कंपूतल्या पोरांसाठी! भांडायचं कुठे आणि उभं राहायचं कुठे हे त्या पिढीला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं असं माझं मत. आमच्याकडे एका कोड रिव्ह्यूवरून लोक सहा महिने एकत्र जेवत नाहीत.

मुद्दा असा की फ्रेम भांडण काढून घेते. काचेमागे गेला की माणूस वाद घालत नाही, फक्त बघतो. कधीकधी मात्र भांडण कपड्यांत शिल्लक राहतं. फुल्यांचं पागोटं आणि खांद्यावरचं उपरणं घ्या. हा माणूस गरीब नव्हता, बांधकामाची कंत्राटं घेत होता, १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचा सभासद होता. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून सजावटीवर हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणत विरोधात मत देणारा हा एकटा. आणि २ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती, तिथे हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या पाहुण्यांत हा शेतकऱ्याच्या वेशात गेला आणि राणीच्या मुलाला सांगितलं की खरा देश बघायचा असेल तर खेड्यात जा. तेव्हा तो वेश म्हणजे साधेपणा नाही, तो युक्तिवाद आहे.

बाबासाहेबांचा सूट हा त्याच वादाचं दुसरं टोक. काय नेसायचं, कसं नेसायचं हेही ज्यांच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं, त्यांचा पुढारी कोट-टाय घालून उभा राहतो. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये त्यांनी स्त्रियांसमोर भाषण केलं, त्यात लुगडं इतर बायकांसारखं नेसा हे आवर्जून सांगितलं. एकाने सूट घालू शकत असताना उपरणं घेतलं, दुसऱ्याने सूट घातला, आणि दोघंही एकाच गोष्टीविरुद्ध बोलत होते. हे मला ताईने सांगितलं, मी स्वतः शोधलेलं नाही.

भांडणासकट माणूस दाखवायचा असेल तर व्यंगचित्र. ते मात्र आपल्याला झेपत नाही. २०१२ ची गोष्ट आठवते का? मी नववीत होतो, टीव्हीवरचा गोंधळ तेवढा आठवतो. शंकर यांनी ऑगस्ट १९४९ मध्ये एक चित्र काढलं होतं: गोगलगाय म्हणजे राज्यघटना, वर आंबेडकर हातात चाबूक घेऊन, मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ते २००६ पासून होतं. मे २०१२ मध्ये संसदेत त्यावरून गदारोळ झाला, पुस्तक मागे घेतलं गेलं, सल्लागार योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले, आणि दुसऱ्याच दिवशी पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या ऑफिसची तोडफोड झाली.

मी आधी सरळ 'कलास्वातंत्र्य वगैरे' बाजूचा होतो. ताईशी वाद घातल्यावर तेवढा सरळ राहिलो नाही. ती म्हणाली, "तुला चाबूक म्हणजे स्पीड दिसतो. ज्यांच्या आज्यांनी खरा चाबूक बघितलाय त्यांना काय दिसेल?" याला माझ्याकडे उत्तर नाही. तोडफोडीला मात्र तिच्याकडेही उत्तर नव्हतं. आणि दिरंगाईच्या आरोपाला बाबासाहेबांनी स्वतः जे उत्तर दिलं ते दोघांनाही माहीत नव्हतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सरळ आकडे मांडले: अमेरिकेला चार महिने लागले, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं, आणि आपल्या घटनेत ३९५ कलमं आहेत व २,४७३ दुरुस्त्यांवर काम करावं लागलं. एवढं शांत उत्तर आमच्या क्लायंट कॉलवर मला एकदा जरी देता आलं तरी मी धन्य होईन.

आता मूळ गोष्टीकडे. रविवारी रंग वाळला. खिळे ठोकताना काका आले, मुरबाडहून, बाबांचे चुलतभाऊ. किन्हवलीवरून मोटारसायकलने येतात, आले की आधी चहा मग भांडण. भिंतीकडे बघून म्हणाले, "दादा, सगळे लावलेस. कोतवाल कुठाय?"

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडक्यात. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सगळे 'भाई कोतवाल' म्हणतात. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानच्या एका गरीब नाभिक घरातला. वकील झाले. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. १९४२ मध्ये भूमिगत होऊन 'आझाद दस्ता' उभारला आणि मुंबईला वीज नेणारे उच्चदाबाचे मनोरे पाडले. शेवटी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या जंगलात, २ जानेवारी १९४३ च्या पहाटे, पोलीस अधिकारी हॉलच्या तुकडीने त्यांना गाठलं. कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी गोमाजी पाटील दोघंही तिथेच पडले. कोतवाल तीस वर्षांचे होते. मला पुढच्या वर्षी तीस पूर्ण होतील आणि माझ्या नावावर सध्या एक होम लोन आहे.

दरवर्षी २ जानेवारीला लोक म्हसा, नारिवलीवरून सिद्धगडला जातात. काकाही जातात. २०२० मध्ये सिनेमाही आला. तरी आमच्या भिंतीवर ते नाहीत. सरकारी ऑफिसात कोणाची जयंती साजरी करायची याचं परिपत्रक सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी काढतो, तशी घराची काही यादी नसते. मी आपला म्हणालो, फोटो मिळाला नसेल पूर्वी.

काका हसले. "फोटो मिळाला नसेल! अरे, मनोरे शेवटच्या चार महिन्यांत पाडले त्यांनी. त्याआधी काय करत होते ते माहितीये?"

माहीत नव्हतं. खेड्यापाड्यांत स्वयंसेवी शाळा काढत होते. आणि धान्य कोठ्या. गावाने मिळून भात साठवायचं आणि पावसाळ्यात, घरातलं संपलं की, ज्याला लागेल त्याला तिथून द्यायचं, म्हणजे सावकाराच्या दारात जावं लागणार नाही. आमच्या भागात सावकारी बहुतेक पैशांची नव्हती, भाताची होती. श्रावणात एक मण न्यायचं, सुगीला दीड मण आणून घालायचं. नाही जमलं तर पुढच्या वर्षी त्यावर चढ. शेवटी जमीन. कर्जत, मुरबाड, शहापूरच्या ठाकूर-कातकऱ्यांच्या आणि लहान कुळांच्या जमिनी बऱ्याचशा अशाच गेल्या.

"आणि आटगावला भात कोण द्यायचं रे?" काकांनी विचारलं. "दुकान कोणाचं होतं?"

दुकान पणजोबांचं होतं. तेच, लाल पागोट्याचं चित्र कल्याणहून आणणारे.

बाबा काही बोलले नाहीत. हातोडी खाली ठेवून आत गेले. मला वाटलं चिडले. मग माळ्यावरून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला आणि बाबा एक लांबट वही घेऊन आले, लाल कापडी बांधणीची, वाळवीने कडा खाल्लेली. मोडीत आहे, मला वाचता येत नाही. बाबांना थोडं येतं. नावं वाचली. पुष्कळशी नावं अजून गावात आहेत, म्हणजे त्यांची नातवंडं. एक जण तर आमच्या घराला रंग देत होता. (त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे अजून ठरत नाहीये.)

इंग्रजांना न घाबरता टिळक लावणारा माणूस आणि दीड मणाचा हिशोब लिहिणारा माणूस एकच, हे पचायला मला वेळ लागला. पण बाबा म्हणाले त्यात तथ्य आहे: टिळक इंग्रजांशी भांडत होते, म्हणून ते ओटीवर लावता आले. कोतवाल आपल्याशी भांडत होते.

याच कसारा लाइनवर, चार स्टेशनं अलीकडे टिटवाळ्याला, जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद झाली आणि तिथून गोदावरी परुळेकर डहाणू-तलासरीकडे गेल्या, वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध. म्हणजे कोतवालांनी धरलेला धागा दोन वर्षांत दुसऱ्यांनी उचलला. गंमत म्हणजे त्याच वारल्यांच्या घरांच्या भिंतींवर इतकी चित्रं, पण त्यांत पुढारी नाही. दोन त्रिकोणांची माणसं, तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली, सगळ्यांना सारखाच, बिनाचेहऱ्याचा गोल. त्यांना कोणाला हार घालायचा हा प्रश्नच येत नाही.

आम्हाला आला. काकांनी व्हॉट्सॲपवर कोतवालांचा फोटो पाठवला. फाइल इतकी लहान की ए-फोर आकाराला चौकोन चौकोन दिसायला लागले. दोन संध्याकाळी बसून जमेल तेवढं साफ केलं, पण चेहरा 'सुधारणार' नाही असं ठरवलं होतं. आजकालची टूल्स डोळे चमकवून देतात, आणि ते डोळे मग त्या माणसाचे राहत नाहीत. इब्राहीमखान एकदा झाला तेवढा पुरे. प्रिंट घेऊन शनिवारी शहापूरला फ्रेमवाल्याकडे गेलो. बाबा आणि काका दोघंही बरोबर.

"खाली नाव काय टाकायचं?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"हुतात्मा भाई कोतवाल," काका म्हणाले. "आणि हिराजी पाटलांचं पण टाका."

"फोटोत तर एकच माणूस आहे."

"तरी टाका."

फ्रेमवाल्याने पाठीमागच्या पावतीवर लिहून घेतलं. मग बाबांनी पेन मागितलं आणि दोन्ही नावांच्या खाली, मास्तरांच्या अक्षरात, आणखी एक ओळ लिहिली: धान्य कोठी.

"हे काय आडनाव आहे का?" फ्रेमवाला.

"नाही," बाबा म्हणाले. "राहू द्या. आहे तसंच छापा."

मंगळवारी मिळणार आहे. जागा टिळकांच्या शेजारची ठरली आहे.